पर्फेक्ट शिकवा मराठीतून

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या आपल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून ठाणे-कल्याण-डोंबिवलीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर असे सगळेच ए-१, बी-१ अशा जर्मनच्या पातळ्यांत बोलू लागले आहेत. इथल्या आपल्या मराठी मंडळातले काही जण रविवारी या मुलामुलींबरोबर ऑनलाइन जर्मन संभाषणाचा सराव करतात. वर्तमानकाळात सगळं सुरळीत चालतं. पण ‘काल काय केलंस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काका, इश हाबे नाख कल्याण गेगांगेन.’ पाहिजे होतं ‘बिन’. पर्फेक्ट या बोलण्यातल्या भूतकाळात काही क्रियापदांना हाबेन (हाबे, हाट) हे सहायक क्रियापद लागतं, काहींना झाइन (बिन, इस्ट).

ही चूक मुलांची नाही, शिकवणाऱ्यांची आहे असं माझं मत आहे. वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं की कारण दिसतं. डावीकडे इंग्रजीतलं ‘हॅव प्लस थर्ड फॉर्म’, उजवीकडे हाबेन आणि पार्टित्सिप (क्रियापदाचं भूतकालवाचक रूप), खाली लाल शाईत झाइन घेणाऱ्या क्रियापदांची लांबलचक यादी आणि शेजारी ‘पाठ करणे’. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीत चढणारी मुलगी ती यादी कशी पाठ करणार? आणि मुळात का करावी? इंग्रजीत सगळ्या क्रियापदांना एकच ‘हॅव’ चालतं, त्यामुळे हाबेन कुठे आणि झाइन कुठे, हा प्रश्न तिथे उठतच नाही. मराठीत मात्र तसाच प्रश्न रोज उठतो आणि न चुकता सुटतो. ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘तो गेला’. डोंबिवलीत कुणी ‘तो आंबा खाल्ला’ म्हणतं का?

मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. त्यातला कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांचा भेद आपण शाळेत मार्कांपुरता शिकलो आणि विसरलो. जर्मन भूतकाळात तोच कामाला येतो. वाक्य आधी मराठीत तृतीय पुरुषात म्हणायचं. ‘त्याने’ आलं की बहुतेक वेळा हाबेन: त्याने पत्र लिहिलं, एर हाट गेश्रीबेन. ‘तो’ आला तर थांबून विचार करायचा: जागा बदलली का, किंवा अवस्था बदलली का? तो आला, तो पडला, तो मेला, तो जागा झाला, या सगळ्यांना झाइन. तो झोपला, तो हसला यांत तसं काही बदलत नाही (जर्मनांच्या मते तरी), म्हणून हाबेन. तो नाव विसरला, तो जर्मन शिकला यांत ‘तो’ असला तरी कर्म आहे, म्हणून तिथेही हाबेन. सर्वांत गोड उदाहरण फारेन या क्रियापदाचं. ‘तो बर्लिनला गेला’ म्हणजे एर इस्ट गेफारेन, ‘त्याने गाडी चालवली’ म्हणजे एर हाट गेफारेन. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला इथे अर्धा तास लागतो, आपल्याला दोन वाक्यं पुरतात.

फसायच्या जागा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. ‘त्याने प्रवास केला’ यात ‘ने’ असूनही जर्मनमध्ये एर इस्ट गेराइस्ट, कारण आपण ‘प्रवास’ हे नाम कर्म करून बसवतो आणि जर्मनमध्ये ते क्रियापदाच्या पोटातच असतं. ठाण्याला ‘त्याने गाडी बदलली’ याचीही तीच गत: इस्ट उमगेश्टीगेन. गाडी कल्याणला पोहोचली तर इस्ट, मुंब्र्याला थांबली तर हाट. बसणं आणि उभं राहणं तर इथल्या लोकांनाही एका मताने जमलेलं नाही, उत्तरेत हाबेन आणि आपल्या दक्षिणेत झाइन. पण हे अपवाद अर्ध्या पानात मावतात आणि त्यांचं कारण मुलांना सांगता येतं.

शब्दक्रमाचंही तेच. ‘वाइल इश गेस्टर्न इन ठाणे मिसळ गेगेसेन हाबे.’ आता मराठीत म्हणा: कारण मी काल ठाण्यात मिसळ खाल्ली आहे. एकही शब्द जागचा हलला नाही. गौण वाक्यात सहायक क्रियापद शेवटी जातं, हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्याला छळतो आणि आपल्याला आपोआप येतो. शिवाय इंग्रजीत काल, परवा आलं की ‘हॅव’ चालत नाही. तो धाक घेऊन मुलं ‘इश आस’, ‘इश गिंग’ असं पुस्तकी बोलतात. ‘कालच आलोय’ सहज म्हणणाऱ्याला हा धाक कशाला? स्टुटगार्टच्या बाजारात तर भूतकाळ म्हणजे जवळजवळ पर्फेक्टच.

क्रियापदांची रूपं मात्र पाठ करावीच लागतात. गे- कुठे लागतो आणि बे-, फेर-, एर- असले की कुठे गळतो, यात मराठी काही मदत करत नाही.

क्लासवाले म्हणतील, वर्गात सगळे मराठी कुठे असतात? खरं आहे. पण हिंदीत ‘उसने खाया, वह गया’ आहे आणि गुजरातीतही असाच भेद आहे, म्हणजे कल्याणच्या वर्गातली बहुतेक बाकं यात आलीच. तमिळ किंवा मलयाळी मुलांना याचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी यादी राहू द्या. मुलं इंग्रजी माध्यमातली आहेत, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. कर्मणी हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण घरी आईशी ती कर्मणीतच बोलतात.

रविवारच्या तासाला बसणाऱ्या सगळ्यांना म्हणूनच विनंती आहे. मूल अडलं की इंग्रजीकडे वळू नका. आधी वाक्य मराठीत म्हणायला लावा, ‘तो’ की ‘त्याने’ ते विचारा आणि मग जर्मन येऊ द्या. वर सांगितलेल्या फसव्या जागांचं अर्धं पान मी लिहून देतो, तुम्हाला आढळतील त्या त्यात भरत चला.