टोमॅटोचा सल्ला आणि विहिरीचा तळ



कापूस-ज्वारी सोडा, टोमॅटो लावा, असा सल्ला आपल्याला मेळाव्या-मेळाव्यातून मिळतो. दाखला कर्नाटकातल्या कोलारचा. तिथे बारमाही नदी नाही, पाऊस आपल्या बीड-धाराशिवसारखाच बेताचा, तरी टोमॅटोचे ट्रक उत्तर हिंदुस्थानात जातात. हे खरे आहे. पण तो टोमॅटो लावणारा शेतकरी कोण, हे सल्ला देणारे साहेब सांगत नाहीत.

कोलारचा शेतकरी मूळचा नाचणीचा. तळ्याखाली थोडा भात, विहिरीवर रेशमासाठी तुती. म्हणजे रोजची देखभाल आणि रोकडीचा बाजार या घरांना आधीपासून ठाऊक होता. विहिरी आटल्या तशा बोअर आल्या. हजार फुटांच्या पुढे गेलेल्या बोअरचे तिथे कुणाला नवल नाही. शेवटी 2018 पासून बंगळूरचे सांडपाणी प्रक्रिया करून तिथल्या तलावांत सोडावे लागले. असा टोमॅटो कोरडवाहू कसला? तो कोरड्या मुलखातला बागायती आहे.

आता पीक पाहा. 25-30 दिवसांचे रोप, गादीवाफा, ठिबक, मल्चिंगचा कागद, बांबू, तार, सुतळी. लागणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा, पुढे दर तीन-चार दिवसांनी तोडणी आणि मजुरी. पाण्याचा ताण पडला तर कपाशीची पाते गळतात, पण पाऊस आला की झाड पुन्हा उभारी धरते. टोमॅटोला ताण देऊन एकदम पाणी सोडले की फळ तडकते. पाळ्या मागेपुढे झाल्या की फळ बुडाशी काळे पडते, आणि ते फळ बाजारात कोणी हातात धरत नाही. वर पांढरी माशी, बोकड्या; त्याच रानात लागोपाठ घेतला तर मर. (वांगी-मिरचीच्या रानातही नको, ती एकाच कुळातली.)

एवढे करून भाव? 2023 च्या जुलैत कोलारला 15 किलोची पेटी 2,000 रुपयांच्या वर गेली. लगेच सरकारी संस्था दिल्लीत 90 रुपये किलोने विकू लागल्या, ऑगस्टमध्ये 40 वर आल्या, नेपाळहून टोमॅटो मागवला गेला. सप्टेंबरात भाव कोसळून महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, तेव्हा दिल्लीची ती लगबग कुठे दिसली नाही. कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहता येते. पिकलेला टोमॅटो चार दिवस थांबत नाही, आणि भाव पाडणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

ज्यांच्या विहिरीला मार्चअखेर पाणी टिकते आणि बाजार एका रात्रीच्या अंतरावर आहे, त्यांनी दहा गुंठ्यांवर करून पाहावा. कर्ज काढून बोअर मारून टोमॅटो लावणे आम्हाला मान्य नाही. पुढच्या मेळाव्यात साहेबांना उभे राहून विचारा: बोअर कोरडी गेली तर हप्ता कोण भरणार? आणि पेटी पुन्हा 2,000 वर गेली, तर तुमचे सरकार हात आवरून बसेल काय?