नायकाचा पोशाख आणि त्याचा काळ

चित्रकथेतला नायक आकाशात उडतो, भिंतीवर चढतो, हे मुलांना तोंडपाठ असते. पण त्याच्या अंगावरचा पोशाख कुठून आला, हा प्रश्न आपण मुलांना क्वचितच विचारतो. तो विचारावा, असे आम्हाला वाटते.

१९३८ साली सुपरमॅन प्रथम छापला गेला. चित्रकार जो शुस्टर यांनी त्याला सर्कशीतल्या पहिलवानाचा वेष दिला : तंग विजार आणि तिच्यावर चड्डी. बलवान माणूस त्या काळी लोकांनी त्याच वेषात पाहिलेला होता. म्हणजे कल्पनेतला पोशाखही आपल्या काळातूनच येतो.

मग हा नायक दुसऱ्या शतकात नेला तर? परदेशी चित्रकारांनी हा प्रयोग केला आहे. माइक मिग्नोला यांनी १९८९ साली बॅटमॅनला शंभर वर्षे मागे नेले आणि त्याला उंच कॉलरचा झगा दिला. २००३ साली नील गेमन व अँडी क्युबर्ट यांच्या '१६०२' या चित्रकथेत स्पायडरमॅनचा पीटर थेट इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या काळात गेला. तिथे तो राणीच्या हेरप्रमुखाचा मदतनीस आहे.

आपल्या मुलांनी १६०२ सालचा नायक काढायला घेतला, तर काय काय अडेल पाहा. अंगाबरोबर ताणले जाणारे लायक्रा नाही. ते १९५८ सालचे. चेन नाही, गुंड्या आणि नाड्या आल्या. रंग झाडपाल्याचे, मुळांचे, किड्यांचे. प्रयोगशाळेतला जांभळा रंग विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाला १८५६ साली सापडला.

परंतु खरी अडचण कापडाची नाही, परवानगीची आहे. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे, याचे फर्मान एलिझाबेथ राणीने १५७४ साली काढले होते. जांभळे रेशीम राजघराण्याने आणि मोजक्या बड्या सरदारांनीच वापरायचे. हे कायदे १६०४ साली रद्द झाले. तेव्हा १६०२ साली गरिबाघरच्या नायकाने जांभळा रेशमी झगा घातला असता, तर खलनायकाच्या आधी कायद्याशीच त्याची गाठ पडली असती!

कोणी काय ल्यावे, काय नेसावे हे वरच्यांनी ठरवायचे, ही रीत आपल्या आयाबायांना समजावून सांगावी लागत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी मुद्दाम बोलले, ते याचसाठी.

माता-पित्यांना आमची सूचना अशी. मुलांपुढे कागद-पेन्सिल ठेवा आणि आवडता नायक कोणत्याही जुन्या काळात न्यायला सांगा. मग तीन प्रश्न विचारा : कापड कशाचे? रंग कशापासून? आणि हे अंगावर घालण्याची त्याला मुभा होती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतील. तिसऱ्यासाठी मुलांना आजीजवळही बसू द्या.