राखेच्या विटा: भीती नको, चाचणी हवी

मोशीच्या खाणींतली खडी काळ्या बेसॉल्टची. तिच्यात युरेनियम-थोरियमचे अंश ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी. प्रश्न आहे पिंपरी-चिंचवड, चाकणच्या नव्या इमारतींतल्या राखेच्या विटांचा. कोळसा जळून जातो, पण त्यातले हे अंश औष्णिक केंद्राच्या राखेत एकवटतात. त्यांतून बनणारा रेडॉन वायू बंद खोलीत साचला, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल आहे.

या विटा सहसा सुरक्षित असतात. राख बंधाऱ्यात पडून राहण्यापेक्षा वापरलेली बरी. मात्र विटेच्या ताकदीची चाचणी होते, तशी किरणोत्सर्गाचीही व्हावी आणि अहवाल घर घेणाऱ्याला मिळावा. घरात हवा खेळती ठेवणे तर आजपासूनच शक्य आहे.