कव्हर खोटं बोलत नाही

मिन्स्ट्रेल गाण्यांच्या, म्हणजे तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या गाण्यांच्या, कव्हरांवर मागे लिहिलं, त्यावर अपेक्षेप्रमाणे पत्रं आली. सूर एकच: ‘अहो, त्या काळी सगळेच तसे होते. आजच्या फूटपट्टीनं कशाला मोजता?’ या एका वाक्यात आपल्याकडे किती पापं धुतली गेली आहेत, त्याची यादी करायला वेगळा स्तंभ मागून घ्यावा लागेल.

ठीक आहे, त्याच काळाची फूटपट्टी घेऊ. १८४०च्या दशकात अमेरिकेत मिन्स्ट्रेल कंपन्यांच्या गाण्यांची नोटेशनं धडाक्यानं खपत होती. त्यांच्या काही शिळाछाप कव्हरांवर त्याच नटांची दोन-दोन चित्रं दिसतात. एकात ते टेलकोट चढवून, केस चापूनचोपून बसवून बसलेले, एखाद्या बँकेचे संचालक शोभावेत असे. दुसऱ्यात तेच गडी जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ फाकवून, पाय वेडेवाकडे फेकत बॅन्जो आणि खंजिरी बडवताहेत. प्रकाशकाला ही सोंगं निष्पाप वाटत असती, तर टेलकोटाचा खर्च त्यानं कशाला केला असता? हा कागद मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या पियानोवर उभा राहायचा होता. घरच्या मुलीनं वाजवायचं गाणं कोणाचं आहे, याची हमी बापाला हवी होती. घाबरू नका, आतून आम्ही गोरेच आहोत!

ज्यांची नक्कल चालली होती, त्यांनाही ती तेव्हा झोंबत होतीच. गुलामीतून सुटून आलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८मध्येच आपल्या ‘नॉर्थ स्टार’ या वृत्तपत्रात या नटांना रंगचोर ठरवून झोडपलं होतं. म्हणजे ‘सगळेच’ या शब्दात डग्लस बसत नाहीत. पत्रलेखकांच्या ‘सगळे’मध्ये नेहमी कोण बसतं, ते आपण जाणतोच.

आता १८९६चं, अर्नेस्ट होगनच्या सर्वाधिक गाजलेल्या गाण्याचं कव्हर शेजारी ठेवा. होगन स्वतः कृष्णवर्णीय. गाणं त्याचं, नाव छापलेलं, खप तुफान. आणि चित्र? तेच जाड ओठ, तेच बटबटीत डोळे. गोऱ्या नटाला काजळी पुसलेला चेहरा दाखवायची सोय होती. होगनच्या लोकांच्या वाट्याला या कव्हरावर नुसतं सोंग आलं.

जाता जाता माझं जुनं रडगाणं: यातल्या कितीतरी कव्हरांवर छापखान्याचं नाव ठळक आणि चित्रकाराचं गायब. पुढे थोर चित्रकार झालेला विन्स्लो होमरही पोरवयात बॉस्टनच्या बफर्डच्या छापखान्यात अशीच गाण्यांची कव्हरं काढत होता. माझा संशय असा, की या कारागिरांना टेलकोटापेक्षा सोंगं रेखाटायलाच जास्त मजा येत असणार. तिथली रेषा पाहा, कशी सैल सुटली आहे. पुरावा मागू नका.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेस्टर लेव्ही संग्रहात अशी ढीगभर कव्हरं स्कॅन करून ठेवली आहेत. घरबसल्या, फुकट दिसतात. पुढचं पत्र ती पाहून लिहा.