पायदानाबाहेरची गाणी

लोकप्रिय गाण्यांची यादी म्हणजे समाजाच्या आवडीचा आरसा, असे गृहीत धरूनच आपण बोलत असतो. मराठीच्या वर्गात 'जनमानसाने स्वीकारलेले गीत' हा शब्दप्रयोग सर्रास होतो. ते स्वीकारणे मोजले कोणी आणि कशाने, हे सहसा विचारले जात नाही. नांदेड-लातूरकडच्या अध्यापकांनी तरी ते विचारावे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील पहिली मोठी यादी 'बिनाका गीतमाले'ची. १९५२च्या डिसेंबरात ती रेडिओ सिलोनवर सुरू झाली. मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केल्यामुळे श्रोता समुद्रापलीकडे वळला होता. अमीन सयानींच्या तोंडचे 'पायदान' पुढे घरोघर पोचले. पण ते ठरे मुख्यतः तबकड्यांच्या विक्रीवरून आणि श्रोतासंघांच्या पत्रांवरून. म्हणजे तबकडी विकत घेऊ शकणारा, नाहीतर पत्र लिहू शकणारा, एवढ्यांचेच मत धरले जाणार. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या आमच्या मुलखात असे किती असतील? आणि ती माळ होती हिंदी चित्रपटगीतांची. (स्पॅनिशभाषकांचेही फारसे वेगळे नाही. 'बिलबोर्ड'ने १९८६ मध्ये स्पॅनिश गाण्यांची यादी काढली ती अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांवर काय वाजते ते पाहून; मेक्सिकोतले खेडे त्या हिशेबात नव्हते.)

आता मराठवाड्यातले कुठलेही गाव घ्या. जयंतीचा मंडप, बुद्धविहार, लग्न, बारसे – या सगळ्या ठिकाणी जे गायिले जाते त्यात वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी असतातच. ती तोंडातोंडी आणि हस्तलिखित वह्यांतून फिरली. अखेरच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येते. नरसीच्या नामदेवांपासून चालत आलेली ही रीत या प्रकारच्या गाण्यात नुसती परंपरेची आठवण नसते. ज्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही त्या कवीचा तो हक्काचा शिक्का असतो. कॅसेटचे युग आले, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज खेडोपाडी गेला, आणि गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अशा वेळी कवी उरला तो त्या शेवटच्या कडव्यात. छंदोरचनेच्या तासाला हे उदाहरण का येऊ नये?

यावर ठरलेला आक्षेप असा की ही गाणी प्रचारकी असतात आणि त्यांच्या चाली सिनेमातून उचललेल्या असतात. पुष्कळ गाणी सामान्य आहेत हे आम्हांस मान्य आहे. सामान्य भावगीतेही पुष्कळ आहेत. पण चालीचा मुद्दा आम्हांस उलट महत्त्वाचा वाटतो. पायदानावर चढलेली चाल वस्तीत येते आणि तिच्यावर सर्वस्वी वेगळे शब्द बसतात. कलगीतुऱ्याच्या शाहिरांनीही प्रचलित चाली वापरल्याच ना? त्यांना आपण परंपरा म्हणतो आणि इथे उसनवारी म्हणतो.

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला, आणि मोर्च्यांना या गाण्यांची साथ होती. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हा काळ आपण इतिहास म्हणून शिकवतो, पण तो संपलेला नाही. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या एका गावात दलित तरुणाची हत्या झाली. गावात प्रथमच जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप कुटुंबीयांनी केला. मंडपातले गाणे वाजवणे हा जिथे जिवाशी खेळ ठरू शकतो, तिथे त्याची लोकप्रियता तबकड्यांच्या खपाने मोजायची की यूट्यूबवरच्या आकड्यांनी? ते आकडेही एकच गाणे दहा वाहिन्यांवर आणि डीजेच्या ठेक्यात विभागून टाकतात. कवीचे नाव बहुधा कुठेच नसते.

वह्या मात्र अजून आहेत. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील जुन्या गायनपार्ट्यांच्या घरी, ट्रंकेत, कडा झिजलेल्या, शाई फुटलेल्या. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दरवर्षी लघुप्रबंधासाठी त्याच त्या दहा कादंबऱ्या वाटून देण्याऐवजी एकेकाने एकेका तालुक्यातील वह्या उतरवून घ्याव्यात, कोणते गाणे किती वह्यांत येते ते मोजावे. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतील बरेच जण आता सत्तरीपुढचे आहेत.