फाल्गुनरावाचा निर्दोषपणा

नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर मराठी प्रेक्षक पोट धरून हसतो, फक्त पडदा पडताना काहीच घडलेले नसले पाहिजे. ही सवय गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ने १९१६ साली पक्की केली. नायकिणीच्या मुलीला, रेवतीला, भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून खाली पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिका उचलते, ती तिच्या हातात पाहून नवरा पेटतो. एवढ्यावर पुढचे सगळे रामायण! शेवटी सगळेच धुतल्या तांदळासारखे निघतात.

कथेचे बीज मोलियरच्या १६६० च्या नाटकातले, आयरिश नाटककार मर्फीच्या हातून देवलांकडे आलेले. मोलियर १६५८ पासून काही काळ पॅरिसमध्ये इटालियन नटमंडळींबरोबर एकाच रंगमंचावर वार वाटून खेळ करी आणि संशयाने पछाडलेला नवरा हे त्या मंडळींचे जुने सोंग. म्हणजे फाल्गुनरावाची थोडी सोयरीक इटलीशीही लागते.

पण इटालियन घराची थट्टा पुढे बरीच धीट झाली. १९८७ च्या ‘मूनस्ट्रक’ या अमेरिकी सिनेमात ब्रुकलिनच्या इटालियन कुटुंबातला बाप खरोखरच दुसरीबरोबर ऑपेराला जातो आणि तिथे त्याची गाठ पडते मुलीशी. तीही वाग्दत्त वराच्या भावाबरोबर आलेली! शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, सगळ्या घरादेखत, बायको त्याला ते प्रकरण संपवायला सांगते. तो चिडतो, उठतो, पण कबूल होतो. गुन्हा खरा, जाबही खरा आणि तरी सिनेमा विनोदीच.

आपल्याकडे खरा गुन्हा विनोदात आला नाही; तो बारीवर, म्हणजे लावणीच्या नाचगाण्याच्या बैठकीवर, ढकलला गेला.  जामखेडची संगीतबारीची कलाकेंद्रे रसिकांच्या तोंडी असतात. बारीतल्या बाईने जुन्या रिवाजाप्रमाणे लग्न करायचे नाही. कुणी ‘मालक’ तिचा चिरा उतरवी, म्हणजे तिला आपली म्हणून ठेवी, आणि त्या मालकाचा संसार गावात बिनबोभाट चाले. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन लिहिले, तेव्हा त्यांच्या नावात बापाच्या जागी तमाशात नाचणारी आई होती. देवलांनी निदान नायकिणीच्या रेवतीला नवरा तरी मिळवून दिला.

कायदाही मालकाच्याच बाजूचा. १८६० च्या दंडविधानातले कलम ४९७ परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला धरी, तेही तिच्या नवऱ्याची संमती नसेल तरच. बिनलग्नाच्या बाईकडे जाणारा नवरा त्यात सापडतच नसे आणि त्याच्या बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. तब्बल १५८ वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार कायद्यात आजही आहे, नवरा-बायको दोघांसाठी.

फौजदारी भानगड मिटली आहे, तर आता मराठी विनोदाने धीर करावा. नवरा खरोखर दोषी असू द्यावा, बायकोने त्याला घरच्यांसमोर विचारावे आणि त्याची शिक्षा बारीतल्या बाईच्या पदरात टाकू नये.