ट्रलीची खबरबात : उपनेता कोणाच्या मताने?

ट्रलीत राजकारणाच्या गप्पा निघाल्या की स्प्रिंग घराण्याचं नाव येतंच. इथले डिक स्प्रिंग 1982 साली, ऐन बत्तिशीत लेबर पक्षाचे नेते झाले आणि दीड महिन्यात आघाडी सरकारचे टॉनिश्त, म्हणजे उपपंतप्रधान!

आपला इथे हमखास गोंधळ होतो. लेबरचा नेता आघाडीत टॉनिश्त होतो. पक्षाचा उपनेता ही वेगळी खुर्ची. 2014 साली ती रिकामी झाली. मे महिन्यात स्थानिक आणि युरोपियन निवडणुकांत लेबरचं पानिपत झालं होतं, ईमन गिलमोर पायउतार झाले होते. सरकार मात्र फिन गेलबरोबर चालूच होतं. नेतेपदावर जोन बर्टन आल्या. उपनेतेपदाला चौघे उभे होते: ॲलन केली, शॉन शरलॉक, मायकेल मॅकार्थी आणि किआरा कॉनवे. गंमत म्हणजे चौघेही आपल्या मन्स्टर प्रांतातले. निवड करायची होती साध्या सभासदांनी, पसंतीक्रम घालून. राज्यसभेला आपले आमदार घालतात ना, तसाच. केली जिंकले.

आपल्याकडे 1995 साली युती आली तेव्हा मनोहर जोशींचं नाव ‘मातोश्री’वरून आलं. शाखेतल्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे ट्रलीत बसून इथलं कौतुक वाटतं खरं, पण पुढचंही ऐका. 2016 च्या निवडणुकीत लेबर 37 वरून 7 जागांवर घसरला. बर्टन गेल्या, केलींना नेता व्हायचं होतं. पण उमेदवारीला अनुमोदन द्यायला उरलेल्या सहांपैकी एकही खासदार पुढे आला नाही! ब्रेंडन हाऊलिन बिनविरोध. सभासदांपर्यंत मतपत्रिका गेलीच नाही.

आपल्या मालवणजवळच्या वराडचे लिओ वराडकर 2017 मध्ये फिन गेलचे नेते झाले, तेव्हाही सभासदांची 65 टक्के मतं सायमन कोव्हनींना होती. पण खासदारांच्या मतांचं वजन 65 टक्के, सभासदांचं 25. (उरलेलं 10 नगरसेवकांचं.) वराडकर जिंकले आणि कोव्हनींना त्यांनी उपनेता नेमलं. नेमलं, हं!

नगरसेवक निवडायला मात्र इथे आयरिश पासपोर्ट लागत नाही. इथे राहणारा कोणीही प्रौढ मत देऊ शकतो. गेली निवडणूक 2024 ची, पुढची 2029 ला. मतदारयादीत नाव नसेल तर आत्ताच घालून टाका.